उशिरा आलेली फ्रिगेट : मुंबईत बांधलेल्या ‘त्रिंकोमाली’चे प्रकरण

प्रकरणाचे स्वरूप

१२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईच्या गोदीतून पाण्यात उतरलेली ‘त्रिंकोमाली’ ही ब्रिटिश आरमाराची शिडाची फ्रिगेट आज इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील हार्टलपूल या बंदरात पाण्यावर तरंगत उभी आहे. तिच्या दोनशेहून अधिक वर्षांच्या आयुष्यात खुल्या समुद्रावरची आरमारी सेवा जेमतेम आठ वर्षांची. एकाही मोठ्या नौकायुद्धात तिचे नाव नाही. ज्या जहाजांनी नाव कमावले, त्यांपैकी बहुतेकांचे लाकूड केव्हाच सरपणात किंवा फर्निचरमध्ये गेले, आणि हे जहाज मात्र टिकले. हे कसे घडले, कोणत्या टप्प्यावर कोणासमोर कोणते पर्याय होते आणि त्यांनी जे निवडले ते कोणत्या कारणासाठी निवडले, याची ही मांडणी आहे. जहाज जपायचे म्हणून घेतलेला निर्णय या इतिहासात फार उशिरा येतो. त्याआधीचे जवळजवळ सगळे निर्णय खर्च, सोय आणि हाताशी असलेली वस्तू वाया जाऊ न देणे यांतून झालेले आहेत.

पार्श्वभूमी

मराठी वाचकाला आंग्र्यांच्या गुराबा आणि गलबते परिचित आहेत. फ्रिगेट हे युरोपीय आरमारांतील मधल्या आकाराचे जहाज. रांगेत उभे राहून तोफांचा मारा करणारी दोन-तीन मजली मोठी जहाजे वेगळी, आणि टेहळणी, व्यापारी जहाजांची राखण, शत्रूच्या जहाजांचा पाठलाग यांसाठी वापरली जाणारी, मुख्य तोफा एकाच मजल्यावर असलेली वेगवान फ्रिगेट वेगळी. ‘त्रिंकोमाली’ ज्या ‘लीडा’ वर्गातली आहे, त्या वर्गाचा आराखडा मुळात ब्रिटिशांनी १७८२ मध्ये पकडलेल्या ‘एबे’ या फ्रेंच फ्रिगेटवरून घेतलेला होता. तोफांचा मजला सुमारे १५० फूट लांब, रुंदी सुमारे ४० फूट, त्या काळच्या मोजणीनुसार भारक्षमता १,०६६ टनांच्या आसपास, एकूण ४६ तोफा. पैकी २८ तोफा अठरा पौंडी गोळ्याच्या, मुख्य मजल्यावरच्या.

हे जहाज इंग्लंडमध्ये न बांधता मुंबईत का बांधले, याचे उत्तर लाकडात आहे. नेपोलियनशी चाललेल्या दीर्घ युद्धात जहाजबांधणी इतकी वाढली की इंग्लंडमध्ये चांगल्या ओक लाकडाची टंचाई पडली. मुंबईच्या गोदीला मलबारच्या जंगलांतले सागवान मिळत होते, आणि ते लाकूड जाणणारी माणसेही तिथेच होती. सागवानातले तेल लोखंडी खिळ्यांना गंजू देत नाही, उलट ओकमधील आम्ल लोखंड खाते. सागवानाला कूज आणि कीडही सहजासहजी लागत नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या या गोदीचे मुख्य बांधकारपद वाडिया घराण्याकडे होते. लवजी नसरवानजी १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले, आणि ‘त्रिंकोमाली’च्या वेळी त्यांचे नातू जमशेटजी बमनजी मुख्य बांधकार होते. ब्रिटिश आरमारासाठी ‘मिंडेन’ (१८१०) आणि ‘कॉर्नवॉलिस’ (१८१३) ही ७४ तोफांची जहाजे त्यांच्याच देखरेखीखाली तयार झाली होती, त्यामुळे इकडे मागणी नोंदवणे हा लंडनच्या दृष्टीने जुगार नव्हता.

मागणी नोंदली गेली ऑक्टोबर १८१२ मध्ये. इथून पुढे जे घडले ते कल्पित कथेत लिहिले असते तर वाचकाने नाक मुरडले असते. जहाजाचे आराखडे घेऊन ‘जावा’ नावाची फ्रिगेट मुंबईकडे निघाली आणि २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ ‘कॉन्स्टिट्यूशन’ या अमेरिकन फ्रिगेटने तिचा पराभव केला. ‘जावा’ इतकी मोडकळली होती की विजेत्यांनी ती तिथेच जाळून टाकली, आणि आराखडेही गेले. त्याच जहाजावर लेफ्टनंट जनरल टॉमस हिस्लॉप हे प्रवासी होते. पाच वर्षांनी, २१ डिसेंबर १८१७ रोजी, महिदपूरला होळकरांच्या फौजेचा पराभव करणारे हिस्लॉप ते हेच. दुसऱ्यांदा पाठवलेले आराखडे ‘स्टर्लिंग कॅसल’ या जहाजातून मुंबईला पोचले.

मूळ प्रश्न

या सगळ्या खोळंब्यात युद्धच संपले. वॉटर्लूची लढाई जून १८१५ मधली, तर ‘त्रिंकोमाली’चा कणा घातला गेला १८१६ मध्ये. म्हणजे ज्या गरजेपोटी मागणी केली होती ती गरज सरल्यावर बांधकामाला सुरुवात झाली. पारशी परंपरेनुसार जमशेटजींनी कोरलेला चांदीचा खिळा कण्यात ठोकला, पुढच्या वर्षी जहाज पाण्यात उतरले, आणि त्यानंतर चोवीस दिवसांनी पुण्याजवळ खडकीची लढाई झाली. पेशवाई बुडत असताना मुंबईच्या गोदीत एक उत्कृष्ट आणि त्या घडीला बिनकामाचे जहाज तयार होत होते.

प्रश्न असा होता : उत्तम लाकडाचे, शंभर वर्षे टिकेल असे, पण ज्याची आत्ता गरज नाही आणि पुढे लागेल याचीही खात्री नाही, अशा जहाजाचे काय करायचे? हाच प्रश्न वेगवेगळ्या मालकांसमोर निदान चार वेळा आला.

पहिला निर्णय, १८१९ : बांधून ठेवणे

जहाजाच्या बांधणीवर सुमारे २३,००० पौंड खर्च झाले होते. कॅप्टन फिलिप हेन्री ब्रिजेस यांच्या हाताखाली ते इंग्लंडकडे निघाले, वाटेत सेंट हेलिना बेटावर थांबले, आणि ३० एप्रिल १८१९ रोजी पोर्ट्समथला पोचले. या प्रवासाचाच खर्च ६,६०० पौंडांच्या घरात गेला. तिथे पोचताच डोलकाठ्या उतरवून, वर छप्पर घालून, त्याला राखीव ताफ्यात बांधून ठेवण्यात आले.

शांततेच्या काळात आरमारासमोर तीन वाटा असत. जहाज कामाला लावावे तर खलाशांचे पगार आले. मोडीत काढावे तर नव्या लाकडाचे मोल जेमतेम हाती पडावे आणि उद्या युद्ध झाल्यास पुन्हा बांधण्याची पाळी यावी. बांधून ठेवणे सर्वांत स्वस्त होते. इथे सागवानाने आपले काम निमूटपणे केले. राखीव ताफ्यातील ओकची जहाजे छपराखाली, वापराविना, दमट हवेत आतून कुजत आणि दहा-पंधरा वर्षांत त्यांच्या बरगड्या बदलाव्या लागत. ‘त्रिंकोमाली’ पंचवीस वर्षांहून अधिक काळ तशीच पडून राहिली, आणि १८४५ मध्ये तिच्याकडे पुन्हा लक्ष गेले तेव्हा तिचा सांगाडा कामाचा होता. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हा निष्क्रियतेचा निर्णय आहे, आणि तो लंडनमधल्या कोणा दूरदर्शी माणसामुळे नव्हे तर मुंबईत निवडलेल्या लाकडामुळे तरून गेला.

दुसरा निर्णय, १८४५ : बदल करून वापरणे

ज्या वर्षी हा प्रश्न पुन्हा पुढे आला त्याच वर्षी ब्रिटिश आरमाराने एक प्रसिद्ध प्रयोग केला. वाफेवर चालणाऱ्या दोन जहाजांना, एक मळसूत्री पंख्याचे ‘रॅटलर’ आणि दुसरे चाकांचे ‘अलेक्टो’, पिछाडीकडून दोराने एकमेकांना बांधले आणि दोघांनाही विरुद्ध दिशांना जोर लावायला सांगितले. ‘रॅटलर’ने ‘अलेक्टो’ला उलटे ओढत नेले. शिडाच्या फ्रिगेटचे भवितव्य काय, हे त्या दिवशी पाहणाऱ्यांना उमजले असेलच.

तरीही जहाज तसेच ठेवणे, मोडणे, इंजिन बसवणे आणि शिडाचेच ठेवून तोफांची मांडणी बदलणे हे चारही पर्याय खुले होते. इंजिन बसवायचे तर पिछाडीची रचना फोडावी लागली असती, कोळशासाठी जागा काढावी लागली असती, आणि १८१० च्या दशकातल्या जहाजावर इतका खर्च करणे शहाणपणाचे ठरले नसते. निवडला गेला तो चौथा, मध्यममार्ग. तोफांची संख्या २६ वर आणली, पण नव्या तोफा अधिक जड होत्या. पिछाडीचा आकार बदलला, आणि जहाजाची गणना फ्रिगेटऐवजी कोर्व्हेट, म्हणजे एक पायरी खालचे जहाज, म्हणून होऊ लागली. माणसेही कमी लागू लागली : मूळच्या ३१५ ऐवजी सुमारे २४०.

हा मार्ग लष्करी दृष्ट्या भित्रेपणाचा वाटतो, परंतु त्यामागे एक पक्का हिशेब होता. इंग्लंडपासून दूर, कोळसा मिळण्याची खात्री नसलेल्या किनाऱ्यांवर वर्षानुवर्षे फिरत राहण्यासाठी शिडाचे जहाज अजून बरे पडत होते. जिथे लढाईपेक्षा हजेरी महत्त्वाची, तिथे ‘त्रिंकोमाली’ पुरेशी होती.

प्रत्यक्ष सेवा : १८४७ ते १८५७

पहिली नेमणूक कॅप्टन रिचर्ड लेअर्ड वॉरन यांच्याकडे, उत्तर अमेरिका आणि वेस्ट इंडीज विभागात, १८४७ ते १८५०. हैतीमधील दंगलींच्या वेळी धाक म्हणून उभे राहणे, क्यूबावर होऊ घातलेल्या स्वारीला आळा घालणे, गुलामांच्या चोरट्या व्यापारावर पहारा, आणि पुढे न्यूफाउंडलंड व लॅब्राडोरच्या किनाऱ्यावर हजेरी अशी ही कामे होती. पोलिसी काम म्हणावे, तसे.

दुसरी नेमणूक अधिक बोलकी आहे. १८५२ मध्ये कॅप्टन वॉलेस ह्यूस्टन यांच्या हाताखाली जहाज पॅसिफिक विभागात गेले. क्रिमियन युद्ध सुरू झाल्यावर १८५४ च्या उन्हाळ्यात ब्रिटिश-फ्रेंच ताफा रशियाच्या कामचाटका किनाऱ्यावरील पेट्रोपाव्लोव्स्कवर चालून गेला. त्याआधीच ताफ्याची विभागणी करून ‘त्रिंकोमाली’, तिच्याच वर्गातली, मुंबईतच बांधलेली बहीण ‘अँफिट्राइट’ आणि फ्रेंचांची ‘आर्तेमीज’ यांना कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर व्यापारी जहाजांच्या रक्षणासाठी पाठवण्यात आले होते. पेट्रोपाव्लोव्स्कचा हल्ला फसला, सेनापती रिअर अ‍ॅडमिरल डेव्हिड प्राइस यांनी हल्ल्याच्या तोंडावरच स्वतःवर गोळी झाडून घेतली, आणि दोस्तांची पुष्कळ माणसे कामी आली. म्हणजे तिच्या वाट्याला येऊ शकणारी एकमेव मोठी लढाई तिने पाहिलीच नाही. या विभागणीवर तेव्हा आणि नंतर टीका झाली आहे. मारा करण्याच्या जागी कमी जहाजे नेणे ही चूक होती, असे म्हणता येते. जहाजाच्या दृष्टीने पाहिले तर त्या चुकीने तिचे लाकूड वाचवले असेल.

१८५६ ची घटना मात्र नुसत्या हजेरीची नाही. आजच्या कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याजवळील व्हँकुव्हर बेटावरच्या काउइचन प्रदेशात एका गोऱ्या वसाहतकऱ्यावर गोळी झाडली गेली. तो माणूस वाचला. गव्हर्नर जेम्स डग्लस यांनी चारशेहून अधिक खलाशी व सैनिक घेऊन तिथे स्वारी केली. ती माणसे नेली ‘त्रिंकोमाली’ने, आणि बेटांमधल्या चिंचोळ्या पाण्यातून तिला ओढून नेले हडसन बे कंपनीच्या ‘ऑटर’ या आगबोटीने. मूळनिवासी आरोपीला पकडून, जागीच खटला चालवून, त्याच्याच लोकांसमोर फाशी देण्यात आली. मुंबईच्या सुतारांनी उभारलेले जहाज एका परक्या भूमीवर दुसऱ्या जित लोकांना धाक घालायला वापरले गेले, हे वाडियांच्या कौतुकाच्या लेखांत सहसा येत नाही, यायला हवे. त्या बेटांमधल्या एका सामुद्रधुनीला आजही ‘ट्रिंकोमाली चॅनल’ आणि शेजारच्या वाटेला ‘ह्यूस्टन पॅसेज’ म्हणतात.

१८५७ मध्ये जहाज चॅथमला परतले आणि त्याची समुद्रसेवा संपली.

तिसरा टप्पा : शाळा, मग भंगार

१८५९ मध्ये राखीव नौदल दल स्थापन झाले. व्यापारी जहाजांवरील खलाशांना तोफांची कवायत शिकवायला स्थिर जहाजे हवी होती. ‘त्रिंकोमाली’ संडरलँड, हार्टलपूल आणि शेवटी साउदम्प्टन येथे असे शिक्षणजहाज म्हणून उभी राहिली. १८९५ मध्ये हेही काम संपले आणि मे १८९७ मध्ये पोर्ट्समथच्या एका भंगार-व्यापाऱ्याला ती विकली गेली. आरमारापुरते प्रकरण इथे बंद झाले.

पुढच्याच महिन्यात आणखी एक योगायोग घडला. जॉर्ज व्हीटली कॉब या धनिक गृहस्थांनी प्रसिद्ध ब्रिटिश नौसेनापती नेल्सनचे ध्वजजहाज राहिलेले ‘फूद्रॉयां’ भंगारातून सोडवून, मुलांच्या शिक्षणासाठी सजवले होते. १६ जून १८९७ रोजी ते ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळात फुटले. कॉब यांना दुसरे जहाज हवे होते, आणि भंगारात एक जहाज तोडणीची वाट पाहत होते. त्यांनी ते घेतले, दुरुस्त केले, आणि त्याला गमावलेल्या जहाजाचे नाव दिले. सुमारे नव्वद वर्षे ‘त्रिंकोमाली’ ही ‘फूद्रॉयां’ म्हणून वावरली, आधी फाल्मथला आणि १९३० च्या दशकापासून पोर्ट्समथला. हजारो मुलांनी तिच्यावर शिडे, दोर आणि वल्ही यांचे पहिले धडे घेतले.

शेजारच्या जहाजाचे उदाहरण

पोर्ट्समथला तिच्या शेजारी ‘इम्प्लॅकेबल’ हे जहाज उभे असे. ते मूळचे फ्रेंच, ट्राफल्गारच्या लढाईत भाग घेतलेले ‘द्यूगे-त्रुएं’. इतिहासाचे वजन पाहिले तर त्याच्यापुढे ‘त्रिंकोमाली’ किस झाड की पत्ती. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच्या दुरुस्तीचा खर्च कोणालाच पेलवेना, आणि २ डिसेंबर १९४९ रोजी ब्रिटिश व फ्रेंच असे दोन्ही झेंडे फडकत असताना खाडीत नेऊन सुरुंगाने ते बुडवण्यात आले. तळ त्यात भरलेल्या नीरमासह (तोल राखण्याच्या वजनासह) खाली गेला, पण वरचा लाकडी भाग कितीतरी वेळ तरंगत राहिला. मुंबईतच बांधलेली ‘वेलस्ली’ त्याआधी, सप्टेंबर १९४० मध्ये, टेम्स नदीत जर्मन विमानांच्या हल्ल्यात गेली होती.

दोन जहाजे शेजारी शेजारी, एकाच संस्थेच्या देखभालीत. मोठे आणि थोर ते गेले, लहान आणि अप्रसिद्ध ते राहिले. लहान जहाजाचा खर्च लहान असतो, हे एक कारण. ते अजून रोज वापरात होते आणि मुलांच्या शुल्कातून काहीतरी उत्पन्न होत होते, हे दुसरे. आणि सागवान, हे तिसरे.

चौथा निर्णय, १९८६-८७ : जागेची निवड

१९८६ मध्ये शिक्षणाचे काम थांबले. आता पहिल्यांदाच प्रश्न असा पडला की जहाज जहाज म्हणून जपायचे का, आणि जपायचे तर कुठे. पोर्ट्समथ ही साहजिक जागा होती. तिथे नेल्सनचे जपलेले जहाज ‘व्हिक्टरी’ होते आणि पर्यटक होते. पण ‘वॉरियर’ या १८६० च्या लोखंडी युद्धनौकेची पुनर्बांधणी हार्टलपूलमध्ये नुकतीच पूर्ण होऊन ती जून १९८७ मध्ये पोर्ट्समथकडे निघाली होती. मागे हार्टलपूलमध्ये राहिले ते कुशल कारागीर, त्यांची हत्यारे आणि कामाविना पडलेली गोदी. जहाज कारागिरांकडे नेण्याचा निर्णय झाला आणि त्याच उन्हाळ्यात पाण्याखाली बुडवता येणाऱ्या बार्जवर (सपाट मालवाहू नौकेवर) चढवून ‘त्रिंकोमाली’ उत्तरेला नेण्यात आली. पर्यटकांची सोय मागे ठेवून कारागिरांची उपलब्धता आधी पाहणे, हे या प्रकरणातले सर्वांत विचारपूर्वक उचललेले पाऊल आहे.

निष्पत्ती

काम १९९० मध्ये सुरू झाले, १९९२ मध्ये जहाजाला मूळ नाव परत मिळाले, आणि २००१ मध्ये सुमारे १ कोटी ५ लाख पौंड खर्चून काम पूर्ण झाले. मूळ बांधणीतील ६० टक्क्यांहून अधिक लाकूड अजून तिच्यात आहे. नाळेवर पागोटे घातलेल्या पुरुषाची मूर्ती आहे. तरंगणाऱ्या जुन्या युद्धनौकांमध्ये तिच्याआधी नाव येते ते बॉस्टनच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’चे; तिचे आराखडे ज्या जहाजाने समुद्रात गमावायला लावले तेच हे जहाज.

वेगळे काय करता आले असते

पहिला मुद्दा नावाचा. कॉब यांनी जहाज वाचवले हे खरे, पण नाव बदलून त्यांनी तिची ओळखही पुसली. ‘फूद्रॉयां’ हे नाव वाचणाऱ्याच्या मनात नेल्सन उभा राहणार, मुंबई कशी उभी राहील? दान देणारा भावनेपोटी असे करतो, परंतु जुन्या वस्तूचे नाव हा तिच्या नोंदवहीचा भाग असतो, आणि नवे नाव शाळेला देऊन जहाजाचे नाव तसेच ठेवता आले असते.

दुसरा मुद्दा ‘इम्प्लॅकेबल’चा. ती दोन जहाजे एकत्र सांभाळण्याचा भार एका स्वयंसेवी संस्थेवर पडला होता. मोठ्या जहाजाला पाण्याबाहेर, कोरड्या गोदीत ठेवण्याचा निर्णय युद्धापूर्वीच झाला असता तर कदाचित दोन्ही राहिली असती. हे आज बोलणे सोपे आहे. १९४९ च्या ब्रिटनमध्ये घरे बांधायला लाकूड मिळत नव्हते.

तिसरा मुद्दा आपल्याकडचा. जहाजाची कहाणी सांगताना एका जमशेटजींचे नाव घेतले जाते, पण ज्यांनी लाकूड तासले, सांधे भरले, तांब्याचे पत्रे मढवले, त्या शेकडो सुतार-लोहारांची नावे त्या कहाणीत नाहीत. वाडियांनी बांधलेले एकही मोठे जहाज मुंबईने स्वतःसाठी राखले नाही. १८०७ ते १८१० या काळात बांधलेली डंकन गोदी अजून नौदलाच्या वापरात आहे, तिच्यात आजही जहाजे दुरुस्तीला येतात, आणि ती नौदलाच्या कुंपणाआड असल्यामुळे सामान्य माणसाला दिसत नाही. त्या गोदीच्या कारागिरांचे हातकाम जवळून पाहायचे असेल, तर मुंबईकराला तिकीट काढून हार्टलपूलला जावे लागते.